शंभरातल्या एकाचा निकाल

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल ठरत आला असून, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या या विभागाचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, तर २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. हे यश निःसंशय कौतुकास्पद आहे. तथापि जिथे जवळजवळ सारेच उत्तीर्ण होतात तिथे नापास झालेले मूल अधिक एकटे पडते, कारण वर्गात, वाडीत वा नात्यागोत्यात त्याच्या जोडीला दुसरे कोणी नसते. त्या एकाशी घरची आणि शाळेची माणसे कशी वागतात, यावर समाजाच्या विवेकाची परीक्षा होते.

याच विभागात, रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सह्याद्री ओलांडून शंभरावर मैलांची पायपीट करीत परीक्षेसाठी साताऱ्याला पोहोचले. परंतु अंगकाठी लहान असल्याने त्यांचे वय सतरा वाटत नाही, या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे १८८१ मध्ये मॅट्रिक, १८८४ मध्ये पदवी आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना असा त्यांचा प्रवास झाला. ही कथा एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगण्याची प्रथा असली, तरी तिच्यामागे सोमण गुरुजींसारखे शिक्षक उभे होते, हे विसरले जाते. त्यांच्या प्रेरणेने हा लाजरा मुलगा गावच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. म्हणजे परीक्षेने नाकारण्याआधीच गावाने त्याला आपल्या उपयोगाचा मानले होते.

आघातानंतर पुन्हा उभे राहण्याच्या शक्तीला मानसशास्त्रात लवचिकता म्हणतात. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा दारिद्र्य, कौटुंबिक कलह यांसारख्या अनेक प्रतिकूलतांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व समंजस प्रौढ झाल्याचे आढळले. त्यांच्या बाबतीत ज्या गोष्टी आधार ठरल्या, म्हणजेच ज्यांना अभ्यासक संरक्षक घटक म्हणतात, त्यांत भरवशाच्या किमान एका मोठ्या माणसाचा सहवास आणि अंगावर सोपवलेली झेपेल अशी जबाबदारी यांना महत्त्वाचे स्थान होते.

म्हणूनच खचलेल्या मुलाला केवळ ‘कणखर हो’ असे बजावणे म्हणजे मोठ्यांनी आपले कर्तव्य त्याच्याच गळ्यात घालणे होय. कर्व्यांनी अन्याय सोसला म्हणून तो न्याय्य ठरत नाही आणि त्यांचे उदाहरण देऊन आजच्या मुलाला निमूट सोसायला सांगणेही योग्य नाही. वडील मुंबईत चाकरमानी आणि मूल आजीआजोबांपाशी, अशी कित्येक घरे कोकणात असताना भरवशाचा मोठा माणूस शेजारी, मामा, मावशी किंवा शिक्षिका यांपैकी कोणीही होऊ शकतो. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायला सोबत जाणे, अडलेल्या विषयासाठी रोज तासभर शेजारी बसणे आणि गावच्या एखाद्या कामात त्या मुलाला पूर्वीसारखेच हक्काने बोलावणे, एवढे ज्या गावाला जमते त्याच गावाला आपल्या निकालाचा अभिमान शोभतो.