उपचार : गरज आणि सोय
कोकणातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न वरकरणी लहान आहे. त्यांच्या खालच्या दोन दातांची हिरडी मागे सरून मुळे उघडी पडली आहेत. थंड पाण्याचा घोट घेतला तरी मस्तकात कळ जाते. दंतवैद्यांनी शस्त्रक्रिया सुचविली आणि हिरडीखाली बसविण्यासाठी तयार पडदा मिळतो, असेही सांगितले. तो पडदा डुकराच्या ऊतीपासून बनतो, हे कळताच त्यांनी उपचारच थांबविला. त्याला वर्ष झाले. त्या विचारतात, हे माझे ईशभय की अज्ञान?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मागे सरलेली हिरडी आपोआप पुन्हा वाढत नाही. कडक ब्रशने जोराने घासणे, साचलेल्या कीटणामुळे येणारी सूज, तंबाखू, मशेरी ही त्याची नेहमीची कारणे होत. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. जेथे लागते तेथे बहुधा जवळची हिरडी सोडवून उघड्या मुळावर ओढून घेतात आणि तिला जाडी यावी म्हणून तिच्याखाली एक थर बसवितात. हा थर रुग्णाच्याच टाळूतून काढता येतो. १९८५ साली लँगर व लँगर यांनी वर्णिलेली ही पद्धत मूळ झाकण्यासाठी आजही अत्यंत भरवशाची मानली जाते. दुसरा मार्ग तयार सामग्रीचा : डुकराच्या कोलॅजनचा पडदा, डुकराच्या पिलांच्या वाढत्या दातांतून मिळविलेले प्रथिन, अथवा दान केलेल्या मानवी त्वचेवर प्रक्रिया करून तयार केलेला थर. तिचा मोठा लाभ हा की, टाळूला दुसरी जखम होत नाही व हवी तेवढी सामग्री मिळते.

आता शरीयतचा विचार. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि आजारावर उपचार करण्याची शिकवण स्वतः पैगंबरांनी (सल्ल.) दिली आहे. म्हणून वेदना सोशीत राहणे म्हणजे धर्मपरायणता नव्हे. पवित्र कुरआनने डुकराचे मांस निषिद्ध ठरविताना अगतिक झालेल्या माणसाला सूट दिली आहे. परंतु ती इच्छेपोटी नसावी व मर्यादा ओलांडणारी नसावी, अशी अटही घातली आहे. प्रश्न असा की, येथे अगतिकता आहे काय?

हजरत अरफजा (रजि.) यांची घटना या ठिकाणी मार्गदर्शक आहे. कुलाबच्या युद्धात त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी (सल्ल.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही उपचारासाठी ते अनुज्ञेय ठरले. आपण या घटनेतील सूट लक्षात ठेवतो, क्रम मात्र विसरतो. आधी चांदी वापरून पाहिली गेली. ती निकामी ठरल्यावर सोन्याची परवानगी आली.

आपल्या प्रश्नातील 'चांदी' रुग्णाच्याच टाळूत आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली जेद्दाह येथे दिलेल्या निर्णयानुसार स्वतःच्या शरीराचा भाग त्याच शरीरात अन्यत्र लावणे अनुज्ञेय आहे. मात्र होणाऱ्या हानीपेक्षा लाभ अधिक असला पाहिजे. टाळूची जखम काही आठवड्यांत भरून येते. तेवढी वेदना टाळण्यासाठी निषिद्ध वस्तू घेणे, ही गरज नसून सोय आहे. सोयीला गरजेचे नाव देण्याचा मोह मोठा असतो.

काही जण म्हणतील, प्रक्रियेनंतर पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटते. असे रूपांतर झाल्यास वस्तू शुद्ध होते, हे हनफी व मालिकी उलमांचे मत आहे. कोकणात बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकचे अनुयायी आहेत, त्यात या तत्त्वाचे क्षेत्र फार मर्यादित आहे. शिवाय, अशा पडद्याची मूळ तंतुरचना टिकून असते, हाच त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. मग स्वरूप पालटले असे म्हणणे कितपत सुसंगत? शुद्धीकरण वेगळे आणि रूपांतर वेगळे.

तेव्हा या भगिनीचे भय खरे होते, परंतु ते अर्ध्या वाटेवर थांबले. "हे नको" म्हटल्यावर "मग दुसरे काय?" हे विचारणे बाकी राहिले. दंतवैद्याचीही जबाबदारी आहे की, रुग्णाच्या शरीरात काय बसविणार हे त्याने आधीच सांगावे आणि सर्व पर्याय समोर ठेवावेत. या भगिनीला कोणी फसविले नाही. टाळूचा मार्ग मात्र त्यांच्यासमोर आलाच नाही.

त्यांनी पुन्हा वैद्याकडे जावे आणि आपल्या टाळूतून ऊती घेता येईल काय, एवढे विचारावे. बहुधा येईल. टाळू अपुरी असेल वा एखाद्या आजारामुळे ते शक्य नसेल, तर वैद्याचे मत घेऊन जाणकार आलिमकडे जावे. खऱ्या अगतिकतेसाठी अल्लाहच्या कृपेचे द्वार उघडे आहे. ते आपल्या आळसाने ढकलून उघडू नये आणि आपल्या भीतीने बंदही करू नये. अल्लाह सर्वज्ञ आहे.