बिनसहीचा मजकूर

‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना १८८२ सालच्या जुलै महिन्यात प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली, ती राजद्रोहाबद्दल नव्हे, तर खोटा मजकूर छापल्याबद्दल; आणि हे प्रकरण अभिमानाने सांगताना त्यातला एवढा भाग आपण बहुधा घाईघाईने ओलांडून जातो. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा वेडाच्या सबबीखाली छळ चालला आहे, अशी वार्ता तेव्हा पसरली होती. त्यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचे कारस्थान असल्याचे दर्शविणारी पत्रे या दोघांच्या हाती आली, ती त्यांनी विश्वासाने प्रसिद्ध केली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली, आणि पत्रे बनावट असल्याचे उघड झाल्यावर संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली तरी शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले.

पंचविशीच्या आसपासचे हे दोघे विद्वान होते, आणि टिळक तर कायद्याचे पदवीधर. मग ते फसले कसे? मला वाटते, ते फसले ते अनुकंपेमुळे. महाराजांविषयीची त्यांची कणव निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगर येथे एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. दुःख खरे होते, केवळ दस्तऐवज खोटे होते. आणि ज्या कागदाने आपल्या अंतःकरणातील सद्भावनेला दुजोरा मिळतो, त्याची शहानिशा करण्याचे माणसाला सुचत नाही. दुष्टबुद्धीने रचलेले असत्य दुष्टांच्या नव्हे, सज्जनांच्याच खांद्यावरून अधिक दूर जाते.

हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याने फार भयंकर रीतीने अनुभवले. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजारात, राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी आलेल्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे हे लोक भिक्षा मागत गावोगाव फिरणारे होते. ज्यांच्या आजा-पणजांना या महाराष्ट्रातील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पसाभर धान्य घातले, ते मोबाइलवरून फिरणाऱ्या काही संदेशांमुळे अल्पावधीत अनोळखी आणि संशयित ठरले. त्या वर्षी देशभर पसरलेल्या एका चित्रफितीत दोन मोटारसायकलस्वार एक मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली जनजागृतीची फीत होती, आणि तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. पुढे ज्यांनी ती धाडली, त्यांत शेजारच्या लेकरांची काळजी वाहणाऱ्या आयाबायाही असतील, मुलांना जपण्याचा उपदेश करणारे शिक्षकही असतील. त्यांतील कोणाच्याही मनात खून नव्हता.

१८८२ आणि २०१८ यांत भावनेच्या दृष्टीने मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो सहीचा. १८६७ च्या कायद्याने वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले होते. परकी सरकारने तो कायदा आपल्या सोयीसाठी केला हे मान्य. परंतु बर्व्यांना फिर्याद कोणावर करावयाची हे ठाऊक होते, न्यायाधीशाला कैफियत कोणाची ऐकावयाची हे ठाऊक होते आणि वाचकालाही चूक कोणाची झाली हे कळले. राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली. ज्यांच्या हातांनी मारले ते न्यायालयापुढे आले. ज्यांच्या अंगठ्यांनी ती भीती गावोगाव पोहोचविली, त्यांचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही.

या निनावीपणाचा संसर्ग आता नाव छापणाऱ्यांनाही झाला आहे. एखादी फिरती चित्रफीत दूरचित्रवाहिनीने दिवसभर दाखवावी आणि खाली बारीक अक्षरांत ‘या दृश्यांची सत्यता आम्ही पडताळलेली नाही’ असे लिहावे, हा प्रकार मला निनावी संदेशाहूनही निंद्य वाटतो. कारण पडताळणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी तेवढेच सोडून बाकी सर्व करण्याचा हा परवाना स्वतःच स्वतःला दिला आहे. राजकीय पक्षांनी तर यासाठी पगारी मंडळी नेमली आहेत. (सर्वच पक्षांनी, आपला पक्ष त्याला अपवाद आहे असे ज्याला वाटते, त्याने स्वतःच्याच मोबाइलमधील समूह एकवार नीट वाचावेत.)

उपाय झाले, ते अपुरे झाले. व्हॉट्सॲपने २०१८ च्या जुलैत भारतापुरती एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. खऱ्या-खोट्याचा निवाडा सरकारनेच करावा, या हेतूने केंद्राने २०२३ साली नियम बदलले, ते मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या सप्टेंबरात रद्द ठरविले. योग्यच केले, कारण सरकारविषयीच्या वार्तेचे सत्यासत्य सरकारने ठरविणे म्हणजे फिर्यादीनेच न्यायाधीशाचा झगा चढविणे होय. त्याआधी, २०१८ साली, मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात संदेश पुढे पाठविणे म्हणजे त्याला संमती देणेच होय, अशा आशयाचे मत नोंदविले. कायद्याच्या कसोटीवर ते सर्वत्र टिकेल किंवा न टिकेल. नीतीच्या दृष्टीने त्यात मला काही वावगे दिसत नाही. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव टिळक-आगरकरांनाही करता आला असता. पत्रे त्यांनी लिहिली नव्हती, छापली होती.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. यापुढे कोणताही मजकूर पुढे धाडताना त्याखाली आपले नाव लिहा आणि तो आपल्याला कोठून मिळाला हेही लिहा. तेवढे लिहिण्यास मन कचरले तर मजकूर आपल्यापाशीच राहू द्या. आणि पूर्वी धाडलेले काही खोटे निघाले, तर ते गुपचूप पुसून टाकू नका. ज्या समूहात धाडले, त्याच समूहात तसे स्वतःच्या नावाने कळवा.