पलंगाखालचा पाहुणा

प्राण्यांच्या निवारागृहातून मांजर आणावयास आम्ही गेलो, तेव्हा पायांत घोटाळणारी पिल्ले मुलांना लगेच आवडली. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मोठ्या मांजरापाशी मात्र कोणी थांबेना. तेथेच प्रश्न उभा राहिला : प्रेम देताना आपण दुसऱ्याची गरज पाहतो की परतफेड?

ते बुजरे मांजर आम्ही घरी आणले. कित्येक दिवस ते पलंगाखालून बाहेर आले नाही. अशा जिवाला ओढून मांडीवर घेतले तर त्याचे भय वाढते. शांत खोली, लपावयास आडोसा, ठरल्या वेळी अन्नपाणी आणि धीर, एवढेच आपण देऊ शकतो.

माणसे उपाशी असता मांजराचे लाड कशाला, हा आक्षेप रास्त आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांवर दया करणे हे आपले देणे मानतो. पण गरिबांच्या वाट्याचा पैसा त्यांच्यावर उधळू नये, असेही बजावतो. आडोसा आणि धीर यांना पैसा लागत नाही. शिवाय मुक्या जिवाविषयीची बेपर्वाई आज ना उद्या माणसांपर्यंत पोहोचते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये लिहिले आहे.

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून कोणाशी न बोलता निघून जाणारी माणसे आपल्याही धर्मग्रामात आहेत. परतफेड करू न शकणाऱ्यांना मेजवानीस बोलवा, असे प्रभूने सांगितले. ती आपल्याला ओळखूही येतात काय?

परवा रोझरीच्या वेळी मांजर दारापर्यंत आले, क्षणभर थांबले आणि परत गेले. आम्ही कोणीही जागचे हललो नाही.