चारातून एक गेला

पुणतांब्यात राहणाऱ्याने आपल्या वयाची बढाई मारू नये. इथे गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. आख्यायिका सांगते, ते चौदाशे वर्षं जगले आणि ज्ञानदेवांना 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप', हे न उमजून त्यांनी कोराच कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हाही कोराच!

हे आठवायचं कारण आमचा भाचा. सुट्टीत आला तो 'पाय' काढायचा प्रोग्राम घेऊन. 'सी' भाषेतला, पहिलावहिला. रीत सोपी : चारातून चार तृतीयांश वजा करा, चार पंचमांश मिळवा, चार सप्तमांश वजा करा, आणि असंच पुढे. केरळच्या माधवाला ही वाट चौदाव्या शतकातच ठाऊक होती. युरोपात ती सतराव्या शतकात लायब्निट्सच्या नावावर चढली. भाच्याचं उत्तर मात्र ठणठणीत 3. हजार पदं घेतली, 3. दहा लाख घेतली, तरी 3. अगदी चांगदेव!

"मामा, शेवटी 0.14 मिळवून टाकू? सरांना काय कळतंय?"

मी जन्मभर हिशेब लिहिले. 'किरकोळ खर्च' हा शब्द शोधणाऱ्याला मनोमन नमस्कारही केलाय. तरी तोंडाने "छे छे!" म्हणालो आणि कागदावर एकेक पद मांडलं. चूक सापडली. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की 'सी' अपूर्णांक टाकून देते. 4/3 म्हणजे 1. 4/5 म्हणजे 0. पुढची सगळी शून्यंच! चारातून एक गेला, राहिले तीन. यंत्र खोटं बोलत नव्हतं, सांगितलं तेवढंच करत होतं. 4 च्या जागी 4.0 लिहिलं. हजार पदांना 3.1406 आलं.

"अजून चुकतंयच की!"

"चुकत नाही रे, पोचतंय."

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. माझी धाकटी बहीण. वडिलांच्या जमिनीचे आम्ही दोघा भावांनी दोन वाटे केले, तेव्हा हिने हक्कसोडपत्रावर मुकाट सही केली आणि साडी घेतली. तीन लेकरं, भागाकार दोघांत. तिचा वाटा शून्य. हिशेब मात्र तेव्हाही चोख जुळला होता!

"दादा, साखर कमी पडली का?"

रात्री भावाला पत्र लिहायला बसलो. असल्या गोष्टी फोनवर बोलवत नाहीत. तो धाकटा, त्यामुळे 'चिरंजीव' बिनचूक लिहिलं. पुढचा कागद अजून कोराच आहे.