किंकाळी कोणाची?

रुमानियाच्या ईशान्येला, वास्लुई जिल्ह्यात, तानाकू नावाचे खेडे आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स मठात जून २००५ मध्ये मारिचिका इरिना कोर्निची ही २३ वर्षांची तरुणी मरण पावली. तिच्या अंगात सैतान शिरला आहे, असे मठातल्यांचे मत झाले होते. धर्मगुरू दानियल कोरोजानू आणि चार नन यांनी मिळून तिला फळ्यांच्या क्रूसावर बांधले, तोंडात टॉवेल कोंबला. अन्नपाण्यावाचून ती काही दिवस तशीच राहिली. सोबतीला प्रार्थना चालूच होत्या. शेवटी रुग्णवाहिका बोलावली गेली, पण ती वाचली नाही. इरिना आता दुष्ट शक्तीच्या तावडीतून सुटली आहे, असे कोरोजानूने नंतर पत्रकारांना सांगितले. तो हे मनापासून बोलत होता. तपासाच्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

संशयास्पद मृत्यूचा तपास आधी हेतूच्या मागावर निघतो. पैसा, जमीन, वैर, मत्सर, वासना यांपैकी काही सापडले की पुढचा रस्ता दिसू लागतो. भूत उतरवताना झालेल्या मृत्यूत यांतले काहीच सापडत नाही. आरोपींच्या पिंजऱ्यात उभे असतात ते आईवडील, भाऊबंद, गुरू, सहनिवासी. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. अशा वेळी तपास दोनपैकी एका बाजूला घसरतो. एक तर सगळे दुर्दैवी अपघात म्हणून मिटवले जाते, नाही तर अडाणी धर्मवेड्यांची क्रूर कहाणी म्हणून वर्तमानपत्रांत रंगवले जाते. दोन्हींत मूळ प्रश्न बाजूला राहतो. ज्यांना ती जगावी असे वाटत होते, त्यांच्याच हातून ती कशी मेली?

याचे उत्तर शोधायला इरिना तानाकूला का गेली, तिथून सुरुवात करावी लागते. ती अनाथाश्रमात वाढली. निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. त्यानंतरच्या काळात गरीब घरांना न पेलणारी हजारो मुले सरकारी अनाथालयांत आली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि त्या इमारतींमधली दृश्ये जगाने पाहिली. इरिनाचा जन्म १९८२चा, म्हणजे त्याच पिढीतला. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला रक्ताचे नाते असून नसल्यासारखे असते. रात्री शेजारच्या खाटेवर झोपणारी मैत्रीण हीच बहीण, तीच माहेर. इरिनाची अशी एक मैत्रीण तानाकूच्या मठात राहायला गेली होती. तिला भेटायला म्हणून इरिना तिथे आली आणि मग तिथेच राहिली. तिला त्या टेकडीवर आणले ते या मैत्रीने.

२००५ च्या वसंतात तिची मनःस्थिती बिघडली. तिला वास्लुईच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात ठेवले, स्किझोफ्रेनियावर उपचार झाले आणि ती पुन्हा मठात आली. मठ हे काही रुग्णाची देखभाल करण्याचे ठिकाण नव्हे. पण तिला दुसरीकडे पाठवायचे तरी कुठे? जिचे घर म्हणजे एक मैत्रीण, तिला रुग्णालयातून सोडताना पत्ता मैत्रिणीचाच लिहिला जाणार. पुढे बचाव पक्षाने रुग्णवाहिकेत दिलेल्या ॲड्रेनलिनच्या मात्रेवर बोट ठेवले आणि मृत्यूच्या नेमक्या कारणावर बराच वाद झाला. तो वाद वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचा आहे, पण त्याने मूळ घटना हलत नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा तिला वाचवण्याची धावपळ करावी लागली, कारण त्याआधीचे काही दिवस ती फळ्यांना बांधलेली होती.

ते दिवस कसे गेले असतील, याचा मी खूप विचार केला आहे. माणूस इतका निर्दय होऊ कसा शकतो, हा प्रश्न मला इथे लागू पडत नाही असे वाटते. त्या मठात निर्दयता लागलीच नसणार. भूतबाधेच्या कल्पनेत एक यंत्रणा दडलेली असते आणि ती दयाळू माणसाच्या हातूनही चालते. समोर दिसते ते शरीर आपल्या माणसाचे, पण त्यातून बोलतो तो दुसराच कोणी, हे एकदा मान्य झाले की सारे अर्थ उलटे होतात. ती किंचाळली तर सैतान दुखावला. तिने शिव्या दिल्या तर सैतान उघडा पडला. तिने सोडा म्हटले तर तो सैतानाचा कावा. ती गप्प झाली तर औषध लागू पडले. वेदना हे शरीराचे गाऱ्हाणे. एरवी ते ऐकून शत्रूचाही हात थांबतो. इथे तेच गाऱ्हाणे उपाय चालू ठेवण्याचे कारण होऊन बसते. प्रेम जितके जास्त तितका हात घट्ट, कारण आपल्या माणसाला सोडवायचे असते.

हीच यंत्रणा तानाकूच्या सुमारे तीस वर्षे आधी जर्मनीत, सुस्थित आणि शिकलेल्या घरात चालली होती. बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्गची ॲनेलीझ मिशेल व्युर्झबुर्गच्या विद्यापीठात शिकत होती. १९६८ पासून तिला झटके येत होते, अपस्माराचे निदान झाले होते, औषधे चालू होती. तिला चेहरे दिसत, आवाज ऐकू येत. बिशप योझेफ श्टांगल यांनी सप्टेंबर १९७५ मध्ये गुप्ततेच्या अटीवर परवानगी दिली आणि एर्न्स्ट आल्ट व आर्नोल्ड रेंझ या दोन धर्मगुरूंनी सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा सैतान काढण्याचा विधी केला. विधीचा ग्रंथ १६१४चा होता. १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने आणि शरीरातले पाणी आटून मेली. वय २३, वजन सुमारे ३१ किलो. तिने स्वतः खाणे टाकले होते, डॉक्टर नको म्हणाली होती. तिला कोणी क्रूसावर बांधले नव्हते, पण परिणाम तोच झाला.

आशाफेनबुर्गच्या न्यायालयात १९७८ मध्ये खटला चालला. आरोपी चार: दोन धर्मगुरू आणि तिचे आईवडील. विधीच्या वेळी ध्वनिफिती करून ठेवल्या होत्या. बचाव पक्षाने त्या न्यायालयात वाजवल्या, सैतान खरेच होते हे दाखवण्यासाठी. त्या खोलीत बसलेल्यांनी त्या मुलीचा घोगरा, फाटलेला आवाज ऐकला आणि प्रत्येकाला त्यात आपापले उत्तर ऐकू आले. सरकारी पक्षाचे म्हणणे साधे होते: मृत्यूच्या आठवडाभर आधीही डॉक्टर बोलावला असता तर ती जगली असती. न्यायालयाने चौघांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरले, सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि ती स्थगित ठेवली. सैतान आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने आपला मानला नाही. डॉक्टर का बोलावला नाही, एवढेच विचारले.

रुमानियात आरोप वेगळा लागला: स्वातंत्र्य हिरावून घेणे आणि त्यातून मृत्यू. म्हणजे तिथे प्रश्न होता, बांधले कोणी? फेब्रुवारी २००७ मध्ये कोरोजानूला १४ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सातवर आली. चारही ननना तुरुंगवास झाला. या दोन खटल्यांचे मला मोल वाटते ते शिक्षेच्या आकड्यांमुळे नव्हे. श्रद्धेच्या दाराशी थबकून परत न फिरता तपास पुढे कसा न्यावा, हे त्यांत दिसते. दोरी, वेळ, पाणी, डॉक्टर. कोणत्या दिवशी, कोणाच्या डोळ्यांदेखत, कोणाला सोडवता आले असते आणि त्याने का सोडवले नाही. यांतल्या एकाही प्रश्नासाठी सैतानाविषयी मत असण्याची गरज नाही.

महाराष्ट्राने हे तत्त्व कायद्यात आणले, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याविषयी आहे. दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, चटके देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, सगळे स्पष्ट लिहिले आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. देव मानावा की मानू नये याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. त्यावर धर्मविरोधी म्हणून वर्षानुवर्षे चिखलफेक झाली, ती अनुसूची न वाचता झाली.

तरी एक अडचण आहे. या कायद्याची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर येतो तो पैसे उकळणारा भोंदू बाबा. देवऋषी, भगत, मांत्रिक, कोणीही असो, पण बाहेरचा. तो असतोच, आणि त्याला गजाआड घालायलाच हवे. पण सून घुमायला लागली, मुलगा रात्रभर बडबडायला लागला, म्हणून घरच्याच माणसांनी हातपाय धरले, खोलीत कोंडले, अंगारा लावून तीन दिवस उपाशी ठेवले, तर तक्रार करणार कोण? आरोपी म्हणजेच नातेवाईक. मृत्यू झाला की डॉक्टरांना सांगितले जाते, बरेच दिवस जेवत नव्हती हो. गावात सगळ्यांना बाहेरची बाधा माहीत असते, त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटत नाही. संध्याकाळच्या आत अंत्यसंस्कार उरकतात आणि मनगटावरचे वळ चितेबरोबर जातात. पोलिसांपर्यंत गेलेच तर अकस्मात मृत्यूची नोंद होते. क्लिंगेनबर्गच्या ध्वनिफिती होत्या, तानाकूला रुग्णवाहिका आली, म्हणून ते दोन मृत्यू आपल्याला माहीत आहेत.

साखळीने काय होऊ शकते हे आपण एरवाडीत पाहिले आहे. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणाऱ्या खोपट्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एकीला आग लागली. माणसे साखळदंडांनी बांधलेली होती, २८ जण मेले. त्यांना तिथे सोडून जाणारे नातलग वाईट होते असे मी म्हणणार नाही. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, दर्गा होता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली.

घरच्यांनी गप्प राहायचे, गावाने मान डोलवायची, अशा ठिकाणी बोलू शकणारे माणूस उरते ते जुना मित्र किंवा मैत्रीण. ते घरातले नसते, त्यामुळे घराच्या अब्रूचे ओझे त्याच्या डोक्यावर नसते. परके मात्र मुळीच नसते. आणि त्याच्याकडे एक ज्ञान असते जे मांत्रिकाकडे नसते, डॉक्टरकडेही नसते: ही आजारी पडण्याआधी कशी होती. शाळेत कशी हसायची, चिडली की कसा आवाज चढायचा, कशाला घाबरायची. भूतबाधेच्या यंत्रणेचा पहिला घाव नेमका या ओळखीवर पडतो. ही ती नव्हेच, असे आधी ठरते, मग दोरी येते. ती किंकाळी ऐकून, अहो, हा तिचाच आवाज आहे, असे ठामपणे सांगणारे कोणी उभे राहिले तर हात सैल पडण्याची काही शक्यता असते.

तानाकूवर पत्रकार तातियाना निकुलेस्कू ब्रान यांनी पुस्तके लिहिली आणि त्यांच्या आधाराने क्रिस्तियान मुंजिऊ यांनी ‘बियाँड द हिल्स’ हा चित्रपट केला. २०१२ च्या कान महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि दोन्ही नायिकांना मिळून अभिनयाचा. मुंजिऊ यांनी धर्मगुरूला खलनायक केले नाही, आणि कॅमेरा वारंवार नेला तो मठात राहिलेल्या मैत्रिणीकडे, वोइकित्साकडे. तिला सगळे दिसते आहे. चित्रपटात इरिनाच्या जागी असलेल्या अलीनाला ती लहानपणापासून ओळखते. पण मठाने तिला घर दिले आहे, देव दिला आहे, आणि मैत्रिणीची बाजू घेणे म्हणजे ते घर सोडणे. ती उशिरा हलते, फार उशिरा. वोइकित्सा ही कलाकृतीतली व्यक्ती आहे, आणि तानाकूच्या खऱ्या मैत्रिणीच्या मनात काय चालले होते याचा निवाडा मी करणार नाही. पण हा पेच मला ओळखीचा वाटतो. आपल्याकडेही मैत्रिणीच्या सासरी काही भलते चालले आहे हे कानावर येते, आणि त्यांच्या घरची गोष्ट, आपण कशाला मध्ये पडा, म्हणून आपण फोन ठेवतो. मैत्रिणीच्या सासूला वाईट वाटेल, आपले येणेजाणे बंद होईल, ही भीती खरी असते.

म्हणून २०१७ च्या कायद्यातले कलम १०१ मला फार महत्त्वाचे वाटते. मनोरुग्णाशी त्याची काळजी घेणारेच दुर्वर्तन करत आहेत किंवा त्याची हेळसांड करत आहेत असे मानण्यास कारण असेल, तर ते पोलिसांना कळवायचे कर्तव्य त्यात कोणाही व्यक्तीवर टाकले आहे. नाते सिद्ध करावे लागत नाही. ठाण्याच्या अधिकाऱ्याने पुढे ते दंडाधिकाऱ्याला कळवायचे असते. जादूटोणाविरोधी कायद्याखालचा गुन्हाही दखलपात्र आहे, म्हणजे घरच्यांनी फिर्याद दिली नाही म्हणून पोलिसांना थांबता येत नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर मैत्रिणीला ठाण्याची पायरी चढण्याचा पूर्ण अधिकार मिळतो, आणि तोही माणूस जिवंत असताना.

ही तरतूद ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवी. एखादी बाई येऊन म्हणते, माझ्या मैत्रिणीला घरात कोंडलंय, तिला काही लागलंय म्हणतात, पण ती अशी नव्हती. अशा वेळी, तुम्ही तिच्या कोण, हा प्रश्न तिथे पहिला विचारला जाऊ नये. पहिला प्रश्न असावा: तिला शेवटचं कधी पाहिलं, आणि तेव्हा ती जेवत होती का? आणि मृत्यू झाल्यानंतर तपास होत असेल, तर साक्षीदारांच्या यादीत नातलग आणि शेजारी यांच्याबरोबर शाळेतली, कॉलेजातली, वसतिगृहातली जुनी मैत्री शोधून नोंदवायला हवी. आजाराचा खरा आलेख, कधीपासून बदल झाला, कोणत्या डॉक्टरचे नाव तिने काढले होते, कोणी तिथे जाऊ दिले नाही, हे बहुतेक वेळा त्याच जबाबात सापडेल.