नैवेद्य दाखवावा, की भरवावा?

मंडळी, एका कबुलीनं सुरुवात करते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी माझ्या अडीच वर्षांच्या नातवाला फसवलं. एकदा नाही, चांगलं महिनाभर!

नातवाचं आणि हिरव्या रंगाचं जन्माचं वैर. वरणात कोथिंबिरीचं एक पान तरंगताना दिसलं, तरी ‘आज्जी, ग्रीन!’ असा पुकारा व्हायचा आणि ताट सरकवलं जायचं. मऊ भात, तूप, मेतकूट, पोळीचा लाडू आणि डे-केअरमध्ये ओळख झालेली चीजची बिस्किटं, एवढ्यावर स्वारी खूश. मी आपली ओक ट्री रोडवर जाऊन हौसेनं कोवळी भेंडी मोडून बघायची, दुधीला नख लावायची, मेथीच्या जुड्या आणायची, आणि शेवटी ते सगळं आम्ही मोठ्यांनीच खायचं.

मग मी घरोघरच्या आज्यांची जुनी युक्ती काढली. पालक उकडून गंधासारखा बारीक वाटला आणि थालीपिठाच्या भाजणीत कालवला. भाजणीचा रंग मुळातच काळपट, त्यात पालक कोण ओळखतो? दुधी धपाट्यांत गेला, फ्लॉवर बटाट्यात कुस्करला. पहिल्याच दिवशी त्यानं थालीपीठ हातात घेऊन विचारलं, ‘भाजी नाही ना?’ मी म्हटलं, ‘नाही रे राजा!’ त्यानं खाल्लं. मुलाला आणि सुनेला मी डोळ्यांनीच विजयाची खूण केली.

महिन्याभरानं एका सकाळी तो स्वयंपाकघरात स्टुलावर चढला आणि त्यानं मिक्सरचं भांडं पाहिलं. हिरवंगार. शेजारी भाजणीचा डबा. त्यानं भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रडला नाही, ओरडला नाही. खाली उतरून खेळायला निघून गेला. पण त्या दिवसापासून माझ्या हातची पोळी तो उलगडून, आत काय आहे ते बघून मग खाऊ लागला. आईनं दिलेली तशीच खायचा. शिरा दिला तरी मला प्रश्न, ‘आज्जी, आत काय आहे?’ अडीच वर्षांच्या पोरानं आपली झडती घ्यावी, हे फार लागतं हो.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? त्याच्या भल्यासाठीच केलंत ना! मीही स्वतःला हेच सांगत होते. या देशात तर २००७ साली भाज्यांचा लगदा मुलांच्या आवडत्या पदार्थांत लपवायची दोन पुस्तकं निघाली, एक जेसिका साइनफेल्ड यांचं आणि एक मिसी चेस लॅपिन यांचं. दोन्ही गाजली, आणि प्रकरण कोर्टातही गेलं. पण भांडण होतं ते कोणाची युक्ती कोणी उचलली याचं! मुलांशी असं वागावं का, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

पुष्कळ विचार करून मला वाटतं, चूक थालीपिठात पालक घालण्यात नव्हती. आपल्या आया-आज्यांनी पिठात भाज्या घातल्याच की! कोथिंबिरीच्या वड्या, मेथीचे पराठे, लाल भोपळ्याचे घारगे हे सगळं तेच. पण त्यांना नावं होती. खाणाऱ्याला ठाऊक असायचं की घारग्यात भोपळा आहे. माझी चूक त्या तीन शब्दांत होती, ‘नाही रे राजा’. त्यानं सरळ विचारलं होतं.

आणि मी असं का केलं, याचा शोध घेत गेले तर गाडी एडिसनहून थेट बार्शीला जाऊन थांबली. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो मिळायचा, तो अमेरिकेतूनच आलेला. त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नसत, पण ‘नको’ म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या मुलांना सुकडीवर दिवस काढताना आम्ही पाहिलं. पानात टाकणं हे आमच्या घरात पापच होतं. सकाळी टाकलेलं कारलं संध्याकाळी पुन्हा पुढ्यात यायचं. तेव्हा इथे वाटीभर भाजी कचऱ्याच्या डब्यात रिकामी होताना पाहिली की माझ्या पोटात कालवाकालव होते. पण खरं बोलायचं तर एडिसनला बसून मी १९७२ चा दुष्काळ नातवाच्या ताटात वाढत होते. त्या काळी पानात पडायचंच थोडं, म्हणून ते टाकू नये हा नियम खाणाऱ्याला होता. इथे मी अडीच वर्षांच्या मुलापुढे वाटी भरून ठेवायची आणि टाकल्याचं पाप त्याच्या माथी मारायची. एक चमचा वाढला असता, तर टाकायला उरलं काय असतं? अन्न वाया जातं ते पुष्कळदा वाढणाऱ्याच्या हातून.

सूनबाई सुरुवातीपासून सांगत होती, ‘आई, तुम्ही वाढा, पण आग्रह नको.’ आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचं म्हणणं तिनं वाचलं होतं: काय द्यायचं, केव्हा आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं. मला तेव्हा हे अगदी कोरडं वाटलं. आग्रहाशिवाय जेवण म्हणजे काय जेवण? आमच्याकडे तर पंगतीत जिलबीचा आग्रह झाला नाही म्हणून माणसं रुसायची!

पण अभ्यासकांनी बारकाईनं पाहिलं आहे ते सुनेच्याच बाजूचं. लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट बक्षिसाच्या लालचीनं प्यायला लावली, तर मुलांना ती पुढे आणखी नावडती होते. ‘भाजी खा, मग चॉकलेट देते’ यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे. दोन वर्षांच्या सुमारास मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, हेही स्वाभाविकच. नुकतं चालू लागलेलं मूल दिसेल ते पान तोंडात घालू लागलं तर कसं व्हायचं? कडू म्हणजे विषारी असू शकतं, हे जीभ जन्मतःच जाणते. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, मुकाट्यानं समोर यावा लागतो, तेव्हा कुठे ओळख होते. आम्ही तीनदा देऊन ‘हा खातच नाही’ असा शिक्का मारून मोकळे! ज्यांचं नाव आपल्या गावाला आहे, त्या एडिसनसाहेबांनी इथेच, मेन्लो पार्कात, दिव्याच्या तारेसाठी हजारो वनस्पतींचे तंतू जाळून पाहिले होते. आम्हाला पंधरा वेळा दुधी वाढवत नाही.

आणि जबरदस्तीची आठवण किती लांब जाते पाहा. १९९० मध्ये अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी जाहीर सांगितलं की लहानपणी आईनं ब्रोकोली खायला लावली, आता मी अध्यक्ष आहे, यापुढे खाणार नाही. शेतकऱ्यांनी रागानं ट्रक भरभरून ब्रोकोली वॉशिंग्टनला पाठवली. पासष्ट वर्षांचा गृहस्थ, जगातला सर्वांत बलाढ्य, आणि मनात अजून तेच ताट!

या सगळ्याचा उलगडा मला झाला तो मात्र गेल्या वर्षी गणपतीत. नैवेद्याचं पान वाढताना सहज मनात आलं, आपण नैवेद्य ‘दाखवतो’ म्हणतो, ‘भरवतो’ म्हणत नाही. पान मांडायचं, पाणी फिरवायचं, क्षणभर डोळे मिटायचे. किती खाल्लंस असं देवाला कोणी विचारत नाही, आणि उद्या पुन्हा तितक्याच प्रेमानं वाढतो. तुम्हाला लगेच नामदेवांची गोष्ट आठवेल. वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलेला छोटा नामदेव विठ्ठलापुढे हटून बसला, जेवला नाहीस तर डोकं आपटीन म्हणाला, आणि विठ्ठल जेवला. आमच्या पंढरपूरचीच ही गोष्ट, मला फार प्रिय. पण तो हट्ट लहानाचा आहे, मोठ्यापुढे धरलेला. हट्ट करणं हा लहानाचा हक्क. आपण मोठ्यांनीच ‘खाल्लं नाहीस तर आज्जी रडेल’ म्हटलं, तर बिचाऱ्या मुलाच्या पोटात भाजीबरोबर आपलं रडूही जातं. मी हेही करून चुकले आहे!

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा त्या दिवसाचा नेम. इथे बैलच नाहीत, त्यामुळे सगळंच चालतं, असं आमचे चिरंजीव दरवर्षी म्हणतात. मी अळू, लाल भोपळा, भेंडी, सुरण आणि न्यू जर्सीचं गोड कणीस घालून भाजी केली. नातवापुढे त्याच्या छोट्या वाटीत दोन चमचे ठेवली. कोणी काही बोललं नाही.

‘आज्जी, आत काय आहे?’

मी एकेक नाव सांगितलं. 

‘ग्रीन?’

‘हो, ग्रीन आहे.’

त्यानं बराच वेळ वाटीत पाहिलं. मग कणसाचा तुकडा दोन बोटांनी उचलला, चोखला, चार दाणे खाल्ले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. उरलेली मी खाल्ली.

पोळी उलगडून बघायची सवय त्याची अजून पुरती गेलेली नाही. या वर्षीच्या ऋषिपंचमीच्या सामानाची यादी फ्रीजवर लावली आहे. कणसं मी दोन जास्त लिहिली आहेत.