सोबती मागे राहिला तर

चार जण मिळून डोंगर चढायला निघाले आणि अर्ध्या वाटेवर एकाचे पाय थकले, तर उरलेल्या तिघांचा धर्म कोणता? त्याच्याजवळ थांबायचे की शिखराचे दर्शन पुरे करायचे? प्रश्न लहान दिसतो. पण घरात, गावात आणि परमार्थातही तो वेगवेगळ्या रूपाने समोर येतो, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

पूर्वपक्ष असा की, परमार्थाची वाट ज्याची त्यानेच चालायची असते. एकाच्या चालण्याने दुसरा पोहोचत नाही आणि एकाच्या थांबण्याने दुसऱ्याचे पाय बरे होत नाहीत. याला महाभारताचा आधारही देता येतो. महाप्रस्थानाच्या वेळी पांडव हिमालय चढू लागले. आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक जण का पडला, हे धर्मराजाने सांगितले. पण तो मागे वळला नाही.

हा आधार घेणारे कथा अर्धीच सांगतात. त्याच धर्मराजाला न्यायला इंद्राचा रथ आला, तेव्हा वाटभर सोबत चाललेल्या कुत्र्याला सोडून रथात बसायला तो तयार झाला नाही. पुढे स्वर्गात भाऊ दिसेनात. ते नरकात आहेत असे कळल्यावर, मीही इथेच राहतो, असे तो म्हणाला. म्हणजे वाटेवर जो थांबला नाही, तो दारात थांबला. एकट्याने आत जाणे हा धर्म नव्हे, हे शेवटी त्यानेच दाखवले.

आता आपल्या नाशिककडचेच पाहू. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही सहा जण त्र्यंबकेश्वरी गेलो. सगळे कीर्तनातले जुने सोबती. कुणी टाळकरी, कुणी मृदंगी. कुशावर्तावर स्नान केले, निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि ब्रह्मगिरी चढू लागलो. आधी गंगाद्वार केले, तिथून जवळची गहिनीनाथांची गुहा पाहिली आणि जिथून वरची वाट फुटते तिथे परत आलो. आमच्या मृदंगी बुवांचे गुडघे तिथे बसले. ते म्हणाले, “महाराज, तुम्ही जा पुढं. मी इथं नाम घेत बसतो.”

आमच्यात दोन मते झाली. एकाचे म्हणणे, इतके आलो तर मूळ गंगेचे दर्शन चुकवू नये. दुसऱ्याचे म्हणणे, सर्वांनीच खाली जावे. बुवांना दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड वाटली. ते म्हणाले, “माझ्यापायी पाच जणांची यात्रा मोडली, हे ओझं घेऊन मी खाली कसा उतरू?” हे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. मागे राहिलेल्याला सोडून जाणे जसे कठोर, तसेच त्याच्यासाठी थांबून ते त्याला पदोपदी जाणवून देणेही कठोरच. थांबणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना आली, की त्या थांबण्यातला धर्म निघून जातो.

आमच्यातला वयाने सर्वांत लहान टाळकरी यापूर्वी कधीच वर गेलेला नव्हता. तो पिशवी खाली ठेवून म्हणाला, “बुवा, इथं माकडं लई आहेत. तुमच्या हातातला डबा ओढतील. काठी घेऊन मी बसतो.” एवढे बोलून तो बसलासुद्धा. माकडे तिथे खरेच असतात. पण तो माकडांसाठी बसला नव्हता, हे बुवांना कळले आणि आम्हालाही. आम्ही चौघे वर गेलो, मूळ गंगेचे आणि जटामंदिराचे दर्शन घेतले आणि तांब्यात तीर्थ घेऊन उतरलो. दोघे हरिपाठ म्हणत बसले होते. दोघांनी तीर्थ घेतले.

त्या टाळकऱ्याची यात्रा पुरी झाली का? कुणी म्हणेल, नाही. कारण शिखर त्याने पाहिलेच नाही. याचे उत्तर त्याच डोंगराने सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि निवृत्तिनाथ चुकून गुहेत गेले, तिथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, असे परंपरा सांगते. पाहा, सोबत सुटली तेव्हा गुरू भेटले. म्हणजे कधी कधी एकट्याने पुढे जाणे हेही ईश्वराच्याच मनात असते. पण निवृत्तिनाथ त्या गुहेत राहिले नाहीत. ते भावंडांकडे परत आले आणि मिळालेले सगळे ज्ञानदेवांच्या ओंजळीत घातले. त्यातूनच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी आपल्या हाती आली.

तीर्थावळीतला विहिरीचा प्रसंगही असाच आहे. मारवाडात ज्ञानदेव आणि नामदेव तहानेले झाले. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने खाली उतरून पाणी प्यायले. नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि पाणीच वर आले. योगसामर्थ्य थोर खरे. पण वर आलेले पाणी वाटेवरच्या प्रत्येकाला पिता आले. वारकरी पंथाचा कल कुठे आहे, हे यावरून कळते.

म्हणून आपली दिंडी धावत नाही. तिची चाल ठरते ती डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या माउलीच्या पावलावर. तरण्याताठ्यांनी पावली खेळावी, फुगडी घालावी. पण मुक्कामाला सगळ्यांनी मिळूनच पोहोचायचे.

मग सिद्धांत काय? धुके असेल, वाट अवघड असेल, सोबती आजारी असेल, तर थांबणे हाच धर्म. तिथे दुसरा विचार नाही. तो सुरक्षित असेल आणि मनापासून जा म्हणत असेल, तर ज्याला जायचे त्याने जावे. पण त्याच्या वतीने जावे आणि त्याच्यासाठी काही घेऊन उतरावे. ज्याला वरून काही आणायचेच नाही, त्याने शिखराचा अभिमान धरू नये. मुलगा शहरात मोठा झाला आणि आईवडील गावी राहिले, तिथेही हीच कसोटी लावावी. तो किती उंच गेला, हा प्रश्न नाही; तो मागे राहिलेल्यांकडे काय घेऊन येतो, हा प्रश्न आहे.

गोदामाईसुद्धा ब्रह्मगिरीवर प्रकटली आणि तिथे राहिली नाही. नाशिक, पैठण, नांदेड करीत सुमारे १,४६५ किलोमीटर खाली वाहत गेली. निवृत्तिनाथांना गुरू भेटले ते डोंगरावर. पण त्यांची समाधी डोंगराच्या पायथ्याशी आहे. ज्याचे गुडघे चालत नाहीत, तोही तिथे माथा टेकू शकतो.

रामकृष्ण हरी.